बेर्गनचं सरावमैदान

(दृश्य: माळरान, दूरवर रणगाड्यांची धूळ)

उत्तर जर्मनीतलं हे ल्यूनेबुर्गचं माळरान. जमीन वाळसर, पीक जेमतेम, वस्ती विरळ. शेतकऱ्याला नकोशी अशी जमीन लष्कराला मात्र नेमकी हवी असते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणून ठेवलं होतं, रणगाड्यांना तर बंदीच होती. १६ मार्च १९३५ रोजी हिटलरनं सक्तीची सैन्यभरती जाहीर केली आणि तह उघडपणे झुगारला. एवढ्या फौजेला सराव करायला जागा हवी. बेर्गन गावाजवळ तिची आखणी झाली: सुमारे २८४ चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याच्या जवळपास निम्मी. त्यासाठी २४ गावं उठवली गेली. साडेतीन हजारांहून अधिक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरं-शेतं सोडली.

(दृश्य: प्रचंड शिळांची थडगी)

ही अश्मयुगीन थडगी तेवढी जागेवर राहिली. नाव ‘सात दगडी घरं’, मोजली तर पाचच भरतात. तोफगोळ्यांपासून वाचवायला त्यांच्याभोवती मातीचे बांध आहेत. आजही गोळीबार बंद असेल तेव्हाच ती पाहायला जाता येतं.

सरावमैदानाच्या लष्करी छावणीच्या इमारती बांधायला आलेल्या मजुरांसाठी बेल्सन या खेड्याजवळ लाकडी बराकी उभ्या केल्या होत्या. बांधकाम संपलं तरी त्या पाडल्या नाहीत. बेल्सनच्या नाझी छळछावणीची गोष्ट बहुतेक वेळा १९४३ पासून सांगितली जाते, पण सुरुवात या बराकींपासून करायला हवी. १९४० मध्ये तिथं फ्रेंच आणि बेल्जियन युद्धकैदी आले. १९४१ च्या उन्हाळ्यात हजारो सोव्हिएत कैदी आणले गेले. त्यांच्यासाठी छप्परही नव्हतं. तारेच्या कुंपणाआड, उघड्या माळावर, खड्डे खणून ते राहिले. पुढच्या वसंतापर्यंत त्यातले सुमारे १४ हजार भूक, थंडी आणि साथींनी मेले. हे कैदी एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या नव्हे, नियमित लष्कराच्या ताब्यात होते. ‘सैन्य वेगळं, नाझी वेगळे’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिवाळा आठवावा.

१९४३ मध्ये या युद्धकैद्यांच्या छावणीचा एक भाग एसएसनं घेतला, तीच पुढं छळछावणी झाली. रोजनिशीमुळे जगाला माहीत झालेली ज्यू मुलगी ॲन फ्रँक १९४५ च्या सुरुवातीला इथंच मरण पावली. त्या वर्षी १५ एप्रिलला ब्रिटिश फौजा आत शिरल्या, तेव्हा हजारो प्रेतं उघड्यावर पडली होती. टायफस पसरू नये म्हणून ब्रिटिशांनी बराकी जाळल्या आणि वाचलेल्यांना जवळच्याच लष्करी छावणीत हलवलं. जर्मन रणगाडा दलासाठी बांधलेल्या पक्क्या इमारतींत पुढं १९५० पर्यंत बेघर झालेले ज्यू राहिले.

मैदान मात्र बंद पडलं नाही. आधी ब्रिटिशांनी, मग नाटोच्या सैन्यांनी आणि नव्या जर्मन लष्करानं तिथं सराव केला.

(दृश्य: रेल्वेचा मालधक्का)

हा मालधक्का तीसच्या दशकात सरावमैदानासाठीच बांधलेला. युद्धकाळात कैद्यांच्या गाड्या इथंच रिकाम्या व्हायच्या, आणि इथून छावणीपर्यंतचे सुमारे सहा किलोमीटर त्यांना चालवत नेलं जायचं. युद्धानंतरही त्यावरून रणगाड्यांची चढउतार चालू राहिली.