चेंडू जवळ नसलेला मालदिनी

मंडळी, विषय ठरलाय तो असा: 2009 साली निवृत्त झालेला इटलीचा फुटबॉलपटू पाओलो मालदिनी आज पोरांच्या मोबाइलवर इतका लाडका का? त्यावर येतोच. पण आधी 24 मे 2009 चा रविवार सांगू द्या, त्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

त्याच्या मिलान क्लबचं सान सिरो मैदान. समोर रोमा क्लब. मालदिनीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. मिलान 3-2 हरलं, ते सोडा. सोळाव्या वर्षी, जानेवारी 1985 मध्ये उदिनेला पहिल्यांदा उतरलेला हा बचावपटू, आता चाळिशीचा. मधल्या सगळ्या वर्षांत दुसऱ्या क्लबची जर्सी अंगाला लावली नाही. निरोपाची फेरी मारायला निघाला. अख्खं स्टेडियम उभं, टाळ्या. आणि कट्टर समर्थकांच्या कोपऱ्यातून शिट्ट्या! आपल्याकडे शिट्टी म्हणजे कौतुक. तिकडे ती हुर्यो. वर घोषणा काय, तर कप्तान एकच, बारेसी. अहो, मिलानचा आधीचा कप्तान फ्रांको बारेसी थोरच, मालदिनी त्याच्याच शेजारी उभा राहून घडला. पण घरचा माणूस निघताना आपण हातावर दही ठेवतो, त्याला शेजाऱ्याची थोरवी ऐकवत नाही. या टोळक्यापुढे तो कधी नमला नाही, एवढाच त्याचा अपराध. मला आजही त्या शिट्ट्यांचा राग येतो.

पुढच्याच रविवारी फ्लोरेन्समध्ये त्याचा अखेरचा सामना. तिथे परक्या प्रेक्षकांनी उभं राहून मानवंदना दिली. मिलानसाठी एकूण 902 सामने. वडील सेझारे यांनी 1963 मध्ये मिलानचे कप्तान म्हणून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वात मोठा करंडक, उचलला तो वेम्बलीत. मुलाने 40 वर्षांनी कप्तान म्हणूनच उचलला तो मँचेस्टरला. दोन्ही वेळा इंग्लंड! हे घराणं म्हणजे...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं, मुद्द्यावर येतो.

रीलमध्ये दिसतो तो घसरत जाऊन चेंडू काढणारा मालदिनी. देखणा चेहरा, स्वच्छ टॅकल, वीस सेकंद. त्यावर पोरं भाळतात, भाळू देत. पण टॅकल करायची वेळ आली म्हणजे आधी जागा चुकली, असं मानणाऱ्या जातीचा हा खेळाडू. उजव्या पायाचा असून डावी बाजू सांभाळली. पास कुठे जाणार हे ओळखून दोन पावलं आधीच सरकायचं, मग समोरचा तो पासच देत नाही. न दिलेल्या पासची क्लिप कशी कापणार? कॅमेरा तर चेंडूमागे धावतो.

म्हणून एक मागणं आहे. त्याच करंडकाचा 1994 चा अथेन्सचा अंतिम सामना पूर्ण नव्वद मिनिटं बघा. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित, म्हणून मालदिनी डावी बाजू सोडून बचावफळीच्या मधे आला. समोर बार्सिलोनाचे आक्रमक रोमारिओ आणि स्तोइचकोव. मिलान 4-0 जिंकलं. गोल सगळेच दाखवतात. तुम्ही रोमारिओला चेंडू मिळत नाही तेव्हा मालदिनी कुठे उभा आहे, ते बघा.