मेर : बेळगावच्या शिवारात वाचलेलं शास्त्र

[मे महिन्याची अखेर. वडगाव-येळ्ळूरकडचं भातशिवार. बैलजोडी, मागं कुरी, म्हणजे पेरणीची पाभर. धुळीचा लोट.]

वळवाच्या दोन सरी होऊन गेल्यात. मृगाला अजून आठ-दहा दिवस आहेत, पण बेळगावच्या दक्षिणेकडचं शिवार आताच पेरतंय. कोरड्या, भुसभुशीत मातीत भाताचं बी सोडायचं आणि मग आभाळाकडं बघत बसायचं. हिला इथं धूळवाफ पेरणी म्हणतात.

कुरीमागं चालणाऱ्या काकांना थांबवून आम्ही एक गोष्ट वाचून दाखवली. त्यांना ती पाठ आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. एक पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी टिपलं. काही खडकाळीवर पडलं, काही काट्यांत, आणि काही चांगल्या जमिनीत. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पन्नास वर्षं ऐकतोय," ते म्हणाले. "पण एक कधी कळलं नाही गा. बी वाटेवर पडलंच कसं? तो काय वाटेवरनं कुरी घालत होता?"

आम्ही सगळे हसलो. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं, काकांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. येशूच्या मुलखात बी मुठीनं फोकून पेरत. लोकांच्या पायवाटा शेतातूनच जात. एकच अध्याय मागं शिष्य चालता चालता कणसं मोडून खाताना दिसतात. मूठ फेकली की चार दाणे वाटेवर जाणारच. तो पेरणारा गबाळा नव्हता, त्याच्याकडं कुरी नव्हती एवढंच. हे कळलं आणि ओळखीची गोष्ट पुन्हा नव्यानं वाचावीशी वाटली.

[कॅम्प भाग. जुन्या चर्चची दगडी भिंत. बाहेर सायकली, दुचाक्या. आतून मराठी गीताचे सूर.]

बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे ख्रिस्ती मूठभरच. पण त्यांची इथली मुळं जुनी आहेत. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथं आले. गाव तेव्हाही एका भाषेचं नव्हतं. पेठेत मराठी आणि कन्नड, छावणीत पलटणींबरोबर आलेली तमिळ आणि इंग्रजी. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम मेथॉडिस्टांकडं गेलं. खानापूरच्या बाजूला गोव्याकडून आलेली कोकणी बोलणारी कॅथलिक घरं आहेत. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. त्यांच्या आज्यांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये ऐकली. शब्द कळत नव्हते, गुडघे मात्र वेळेवर टेकले जायचे.

शास्त्र आपल्या भाषेत असावं, यासाठी पुष्कळांनी आयुष्य घातलं. दूर बंगालात, श्रीरामपूरच्या छापखान्यात, विल्यम केरी यांनी पंडितांना हाताशी धरून १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, तोही मोडी अक्षरांत. पण या सगळ्यांत मला जवळची वाटते ती पंडिता रमाबाईंची खटपट. जन्म आजच्या कर्नाटकातला, गंगामूळच्या रानातला. संस्कृत वडिलांच्या घरी मिळालेलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीनं अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. मुक्तीसदन या त्यांच्या आश्रमातल्या बाईला वाचताना अडू नये, हा हेतू. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून आला.

[संध्याकाळ. घराचा सोपा. चटईवर आठ-दहा माणसं. पिवळा दिवा.]

गुरुवारची घरसभा. हे काकांचंच घर. काकूंच्या मांडीवर मराठी बायबल आहे, कडा तेलकट झालेलं. सून बैलहोंगलकडची, तिच्या हातात कन्नड. नातवाचं इंग्रजी बायबल फोनमध्ये. एकच ओळ तीनदा वाचली जाते आणि दर वेळी काहीतरी कमीजास्त होतं. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गमतीनं म्हणतात, आमच्याकडं भाष्यग्रंथ लागत नाही, सून लागते.

आज लूकाचा दहावा अध्याय आहे. एक शास्त्री येशूची परीक्षा घ्यायला उभा राहतो. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, हे त्याला ठाऊक आहे. तो विचारतो, माझा शेजारी कोण? सुनेच्या पुस्तकात हाच प्रश्न असा आहे : नन्न नेरेयवनु यारु?

नेरेयवनु म्हणजे शेजारी. नेरे म्हणजे जवळपास. आणि कन्नडात नेरे म्हणजे पूरसुद्धा.

सुनेनं हे सहज सांगितलं, पण सोप्यावर सगळे गप्प झाले. ऑगस्ट २०१९ इथं कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकाच आठवड्यात फुगल्या. या शिवारातला बळ्ळारी नाला तर दर पावसाळ्यात पिकावर येतो. त्या साली त्यानं माती, रोपं, बांध, काहीच जागेवर ठेवलं नाही. नेरे आली, आणि नेरेयवनु कोण याचं उत्तर कागदावर शोधायची वेळच राहिली नाही. शाळेच्या खोलीत शेजारी ज्याची पथारी पडली, तो शेजारी.

[नकाशा. यरुशलेमहून यरीहोकडं उतरणारी वाट.]

शास्त्र्याला येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडं उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस लुटला गेलाय, अर्धमेला पडलाय. याजक बघून पुढं जातो. लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, तोही जातो. थांबतो तो शोमरोनी. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून मुक्कामाच्या ठिकाणी नेतो, दोन दीनार देतो. दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी. वर सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

शोमरोनी म्हणजे कोण, हे आपल्याकडं पटकन निसटतं. 'चांगला शोमरोनी' इतकं कानावर पडलंय की शोमरोनी म्हणजे चांगलाच, असं वाटू लागलंय. ऐकणाऱ्या यहुद्यांना तसं वाटत नव्हतं. दोन्ही लोक मोशेची पाच पुस्तकं मानणारे, पण मंदिर कुठल्या डोंगरावर, यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद. शोमरोन्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर यहुदी सत्ताधीशानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाडलं होतं. मुलूख एकमेकांना लागून, ग्रंथ जवळजवळ एकच, आणि जाता-येता अबोला.

आता एक पान मागं जा. नववा अध्याय. येशू आणि त्याची माणसं शोमरोन्यांच्या गावात उतरायला जातात आणि गाव त्यांना जागा देत नाही. याकोब आणि योहान इतके चिडतात की विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना जाळून टाकू का? येशू त्यांना दटावतो. आणि पुढच्याच अध्यायात गोष्टीचा नायक शोमरोनी करतो. दहावा अध्याय एकटा वाचला की ही गंमत हाती लागत नाही. अपमान अजून ताजा होता.

शेवटी येशू शास्त्र्यालाच विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण झाला? उत्तर काय येतं ते नीट बघा. 'शोमरोनी' हा शब्द शास्त्र्याच्या तोंडातून निघत नाही. तो म्हणतो, ज्यानं दया केली तो.

[१ नोव्हेंबर. एकीकडं लाल-पिवळे झेंडे. दुसरीकडं दंडावर काळ्या फिती.]

बेळगावात राहणाऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली आणि हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून तो दिवस एकासाठी राज्योत्सव, दुसऱ्यासाठी काळा दिन. तणाव वाढला की पाट्यांना काळं फासलं जातं, दोन्हीकडच्या एसट्या डेपोत उभ्या राहतात. चर्चच्या पंचांगात त्याच तारखेला सर्व संतांचा सण असतो. त्या सकाळी मिस्साला येणाऱ्यांत लाल-पिवळा बिल्ला लावलेले असतात, काळी फीतवालेही असतात.

भाषेचा हक्क सोडून द्या, असं ही गोष्ट सांगत नाही. मीही सांगत नाही. मराठीतून कागद मिळावा ही मागणी माझीही आहे. गोष्टीतला शोमरोनी यहुदी झालेला नाही, त्यानं आपला डोंगरही सोडलेला नाही. तो वाटेत थांबला.

[रस्ता. गाड्यांच्या मागच्या काचा.]

जाता जाता एक. वचनं गाडीच्या काचेवर चिकटवायची पद्धत मला मानवत नाही. 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो' हे फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन परीक्षेच्या दिवसांत प्रत्येकाच्या स्टेटसला असतं. प्रेषित पौलानं ते कैदेतून लिहिलंय. त्याच्याच आधीच्या ओळीत तो म्हणतो, तृप्त राहायला शिकलोय, उपाशी राहायलाही शिकलोय. पहिला नंबर काढण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. नापास झालेल्या पोराला ते खरं तर जास्त उपयोगी पडावं.

[पुन्हा शिवार. दोन शेतांमधला मातीचा बांध. हाताएवढा रुंद.]

शेताच्या बांधाला इकडं मेर म्हणतात. कन्नडात बदु. भाषा कुठलीही असो, मेर कोरणं दोन्हीकडं चालतं. नांगरताना बैल जरासे पलीकडं दाबायचे, एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्तीचं काढायचं. एका साली कुणाला कळत नाही. वीस सालांत गुंठा सरकतो.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या मोशेच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, याला नाव घेऊन मनाई आहे : पूर्वजांनी ठरवलेली शेजाऱ्याची हद्द सरकवू नको. सत्ताविसाव्या अध्यायात सरकवणाऱ्याला शाप आहे आणि सगळ्या लोकांनी 'आमेन' म्हणायचं आहे. नीतिसूत्रांत पोरक्यांच्या शेतात शिरू नको, असं वर आणखी बजावलंय. एवढ्यांदा सांगावं लागलं, म्हणजे तिथंही कोरत असणारच.

२०१९ च्या पुरात काकांची मेर गेली. पलीकडं अण्णांचं शेत, घर कन्नड बोलणारं. दोघांचे बैल पूर्वीपासून एकमेकांच्या मदतीला. मेर नव्यानं घालायची तर जमिनीचा उतारा बघायला हवा. उतारा कन्नडात, आणि काकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मग अण्णांनीच तो वाचून दाखवला. ज्याच्याशी हद्द ठरवायची, त्याच्याच तोंडून आपला कागद ऐकायचा. काका सांगतात, "त्यानं एक अक्षर हिकडं-तिकडं केलं असतं तर मला काय कळणार होतं?"

त्या रात्री काकूंनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. काकूंनी बोट एका शब्दावर ठेवलं. "इथं तुझ्या मनात नाही म्हटलंय. त्याच्या मनात म्हटलंय."

सकाळी काका अण्णांकडं गेले. चहा झाला आणि विचारलं, तुझ्या मनात आमच्याविषयी काय हाय काय? अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तुमच्या वडलांनी दरसाल एक तास आमच्याकडचं घेतलं. आमचा बाप मरेपर्यंत बोलत होता.

काकांना हे माहीत नव्हतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "माहीत नव्हतं म्हटलं तर खोटं होईल."

नवी मेर दीड हात काकांच्या शेतात आली. दोघांनी दोरी धरली, गड्यानं माती ओढली. मोजणीदाराला कुणी बोलावलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण जमीन वडिलार्जित. धाकट्या भावाला विचारलं नव्हतं, आणि बापाला चोर ठरवलं हे त्याला लागलं. त्यानंतर दोघं भाऊ एकाच चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसतात. काकांनी त्या महिन्यात प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाही. पुढच्याही महिन्यात नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे, वचन तर तेच सांगतं, असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेब दोनदा दोन्ही घरी जाऊन आले. नव्या वर्षाच्या उपासनेत काका पुढं आले, पण भावाशी बोलणं अजून नाही.

मी काकूंना विचारलं, शेजाऱ्याशी समेट करताना भाऊ तुटला, हे बरोबर झालं का? त्यांनी उत्तर दिलं नाही. तांदूळ निवडत राहिल्या.

[मेरेवर कोवळी तुरीची रोपं. जवळून.]

भातशिवारात मेर मोकळी ठेवत नाहीत. तिच्यावर तूर लावतात. आता मेर दोघांची, मग तूर कुणाची? काका आणि अण्णांनी पाळी लावून घेतलीय : एक साल यांची, एक साल त्यांची. यंदा अण्णांची आहे.

मागच्या साली काकांच्या पाळीची तूर आली, तेव्हा काकूंनी कापडी पिशवीत शेरभर बांधून नातवाच्या हाती धाकट्या दिराच्या घरी पाठवली. तूर परत आली नाही. पिशवीही आली नाही.