कोलू पाटलांनी अडवलेलं पाणी

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. समोर पसरलाय तो नवेगाव बांध, सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय. भोवती डोंगर आणि दाट जंगल. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, हे पाणी इथं आधीपासूनच असणार. पण ते माणसांनी अडवलंय, धानासाठी.

१८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या वाटा मातीने बंद केल्या. लोक सांगतात, पाळ पुन्हा पुन्हा फुटायची. सात शिखरांवरच्या सात बहिणी पाठीशी उभ्या राहिल्या, तेव्हा ती टिकली. कोलू पाटीलही पुढे कोलासूर देव झाले. त्यांचं ठाणं इथल्याच एका शिखरावर आहे. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा हा मुलुख आहे!

भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने असे किती तरी तलाव बांधले. रचना साधी, पण विचार पक्का. उताराला आडवी मातीची पाळ. पाळीच्या पोटात तुडुम, म्हणजे शेताकडे पाणी सोडायची मोरी. आणि पुराचं जादा पाणी निघून जायला सलंग. धानाला पाणी देता देता तलाव खाली जातो, काठचा चिखल उघडा पडतो, उथळ पाण्यात गवत आणि कमळं राहतात. नेमक्या याच दिवसांत थंडीचे पाहुणे पक्षी उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतात. इथले रहिवासी म्हणजे अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले. पाटबंधाऱ्याची गावाची जुनी व्यवस्था विस्कटली. अनेक तलावांत गाळ साचला, बेशरम नावाची तणवनस्पती माजली. पाण्याखालच्या वनस्पती गेल्या, तसे स्थानिक मासे गेले आणि पक्षीही. तलाव पाण्याने भरलेला दिसतो, पण त्यात काही जगत नाही, ही अवस्था फार वाईट.

ती बदलायला पुढे आले ते मासेमारीवर जगणारे धिवर. याच तालुक्यातल्या काही गावांत त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि पाण्यातल्या वनस्पती हाताने लावल्या. कोणती वनस्पती किती खोलीवर तगते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मासे परतले, त्यांच्यामागे पक्षी. या कामात बायकांचे गटही उतरले. पक्षी वाचवायचे असतील तर आधी या लोकांचं ऐकलं पाहिजे, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

सारस क्रौंच महाराष्ट्रात आता मुख्यतः याच भागात उरलाय, आणि तो धानाच्या बांध्यांतही, म्हणजे शेतातही, घरटं करतो. म्हणून नवेगावच्या मोठ्या जलाशयावरच दुर्बीण रोखून थांबू नका. चला, आता गावातल्या एका लहान तलावाच्या पाळीवर जाऊ.