चौथं वर्ष : भाषाविज्ञानातला ऑनर्स

मंडळी, तुमच्यापैकी काही जण ऑस्ट्रेलियात शिकताहेत, काही जायच्या विचारात आहेत आणि मागच्या रांगेत पालकही बसलेत. पालकांचा प्रश्न मला तोंडपाठ आहे. पदवी तीन वर्षांत मिळते, मग हे चौथं वर्ष कशासाठी? आधी त्याचंच उत्तर देतो.

ऑस्ट्रेलियात साधी बी.ए. तीन वर्षांची असते. तिथल्या पात्रता-चौकटीत ती सातव्या पायरीवर आहे आणि ऑनर्स, म्हणजे हे चौथं वर्ष, आठव्या. हे वर्ष आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. भाषाविज्ञानाच्या विषयांत चांगले गुण हवेत आणि तुम्हाला मार्गदर्शन करायला कोणी प्राध्यापक तयार हवा. वर्षाचा काही भाग सेमिनार खातात, उरलेला प्रबंध. प्रबंध साधारण बारा ते वीस हजार शब्दांचा असतो, विद्यापीठागणिक फरक पडतो. अनेक ठिकाणी ऐंशी किंवा जास्त गुण म्हणजे पहिला वर्ग. तो मिळाला तर एम.ए. न करता थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, शिष्यवृत्तीच्या रांगेतही पुढे सरकता येतं. फायदा म्हणाल तर हा. आपल्याकडेही यूजीसीच्या 2022च्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्स आला आहे आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. त्यामुळे मी सांगतोय त्यातलं बरंचसं पुण्यात-नागपुरात शिकणाऱ्यांनाही लागू पडेल.

आता वेळेचा हिशेब. वर्ग फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये सुरू होतात आणि प्रबंध बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या आसपास द्यावा लागतो. मधल्या सुट्ट्या, सेमिनारचे निबंध, एखादं आजारपण वजा करा. हातात किती महिने उरतात ते तुम्हीच मोजा. म्हणून माझं म्हणणं असं की ऑनर्सची तयारी तिसऱ्या वर्षात होते आणि तयारी म्हणजे मुख्यतः प्रश्न लहान करणं.

विद्यार्थी येतात आणि म्हणतात, ‘मला मराठीच्या वाक्यरचनेवर काम करायचंय.’ छान. पण तो आयुष्यभराचा धंदा झाला! जरा आत शिरून पाहू. आपण म्हणतो, ‘तिने पोळी खाल्ली’, पण ‘मी पोळी खाल्ली’. ‘ती’ला ‘ने’ लागला, ‘मी’ला नाही. क्रियापद मात्र दोन्हीकडे पोळीप्रमाणे स्त्रीलिंगी. पोळीच्या जागी आंबा ठेवा, लगेच ‘खाल्ला’ होतं. जुन्या मराठीत ‘म्यां’, ‘तुवां’ अशी वेगळी रूपं होती, काही बोलींत ‘म्या’ अजूनही आहे. प्रमाण मराठीत ती मागे पडली. आता ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधली डिरबल ही आदिवासी भाषा घ्या. भाषावैज्ञानिक रॉबर्ट डिक्सन 1963मध्ये तिथे पोचले आणि 1972मध्ये तिचं व्याकरण प्रसिद्ध झालं. डिरबलमध्ये नामांना कर्त्याचा असा खास प्रत्यय लागतो, पण ‘मी’ आणि ‘तू’ मात्र वेगळ्या पद्धतीने चालतात. पोळीशी डिरबलचा काय संबंध, असं वाटेल. पण मायकल सिल्व्हरस्टीन या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने 1976मध्ये अशाच भाषा शेजारी ठेवून दाखवलं की बोलणारा आणि ऐकणारा यांना व्याकरणात इतरांपेक्षा निराळी वागणूक मिळण्यामागे एक क्रम असतो. मला स्वतःला या विषयाची गोडी इथेच लागली.

तरीही हा प्रबंधाचा विषय नाही, अजून फार मोठा आहे. आणखी खाली या. ‘तू पोळी खाल्लीस.’ इथे ‘खाल्ली’ पोळीकडे बघतं आणि शेवटचा ‘स’ ‘तू’कडे. एकाच क्रियापदात दोन जणांशी जुळणी! आणि गंमत म्हणजे अनेकांच्या बोलण्यात हा ‘स’ ऐकूच येत नाही, ‘तू पोळी खाल्ली’ म्हणतात आणि कुणाला खटकतही नाही. मग प्रश्न असा करा : मेलबर्नमध्ये वाढलेली आणि घरी मराठी बोलणारी वीस-पंचवीस वर्षांची मुलं हा ‘स’ कुठे ठेवतात, कुठे गाळतात? आठ-दहा जण, प्रत्येकाच्या अर्ध्या तासाच्या गप्पा आणि थोडी चित्रं दाखवून काढून घेतलेली वाक्यं. हे एका वर्षात बसतं. मोठा सिद्धान्त शेवटच्या प्रकरणात आपोआप येतो, त्याला आधीपासून डोक्यावर घेऊन नाचू नका.

आपलीच भाषा निवडली तर एक धोका आहे. ‘आम्ही असंच म्हणतो’ हा पुरावा नव्हे. स्वतःच्या कानावरचा विश्वास थोडा आवरता घ्यावा लागतो.

माणसांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी हवी. अर्ज करा, संमतीपत्रं जोडा, मुद्रणं कुठे आणि किती काळ ठेवणार ते लिहा. कमी जोखमीचा अर्जसुद्धा काही आठवडे घेतो. मार्चमध्ये प्रश्न ठरला नसेल तर हा अर्ज एप्रिलमध्ये जातो आणि पहिलं मुद्रण व्हायला हिवाळा उजाडतो. तिथला हिवाळा जूनमध्ये, हे लक्षात ठेवा.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांवर काम करायचं असेल तर गोष्ट आणखी गंभीर आहे. इंग्रज आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या. आज त्यातल्या जेमतेम डझनभर भाषा मुलं घरात पहिल्यापासून शिकतात. पूर्वी संशोधक आले, शब्द टिपून घेऊन गेले आणि परत फिरकले नाहीत, हे तिथले लोक विसरलेले नाहीत, विसरावं तरी का? आता समाजाशी आधी बोलावं लागतं आणि सामग्रीवर हक्क कुणाचा हे आधीच ठरतं. एवढं नातं आठ महिन्यांत जोडता येत नाही. म्हणून मी ऑनर्सच्या मुलांना सांगतो, एखाद्या समाजाबरोबर तुमच्या प्राध्यापकांचं वर्षानुवर्षांचं काम चालू असेल तरच त्यात सामील व्हा, नाहीतर संग्रहातल्या सामग्रीवर काम करा. सिडनी, मेलबर्न आणि कॅनबेरातल्या विद्यापीठांनी 2003मध्ये सुरू केलेला पॅराडिसेक हा संग्रह आहे, त्यात पॅसिफिक भागातल्या कितीतरी जुन्या टेप्स आता संगणकावर आल्या आहेत. मराठीसाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं बोलींचं सर्वेक्षण आहे, आणि ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातला मराठीवरचा खंड 1905चा. असल्या सामग्रीवरच्या प्रबंधाला कुणी कमी लेखत नाही.

तंत्राबद्दल थोडक्यात. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये करा, एमपी-थ्री नको. एका तासाच्या गप्पा उतरवायला आठ-दहा तास सहज जातात, प्रत्येक रूपाखाली अर्थ मांडायचा असेल तर त्याहून जास्त. म्हणून प्राट (आवाजाच्या विश्लेषणासाठी) आणि ईलान (मुद्रण उतरवून टिपणं जोडण्यासाठी) ही सॉफ्टवेअर्स तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीतच शिकून ठेवा. फुकट आहेत. रूपिमं, म्हणजे शब्दाचे अर्थ असलेले छोट्यात छोटे तुकडे, सुटी करून त्यांखाली अर्थ लिहिण्याचे लाइपझिगचे नियमही तेव्हाच हाताखालून जाऊ द्या. परीक्षकाची नजर उदाहरणांवर फार लवकर जाते आणि खुणा एका पानावर एक, दुसऱ्यावर दुसऱ्या दिसल्या की त्याचा पुढचा सगळा मूड बिघडतो.

मार्गदर्शकाबद्दल आपल्या मुलांना वेगळं सांगावं लागतं. तिथे प्राध्यापकाला नावानेच हाक मारतात. आपल्या तोंडातून ‘सर’ सुटत नाही, ठीक आहे, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते मान डोलावण्याने. दर आठवड्याला, पंधरवड्याला भेट असते आणि तिला काहीतरी लिहून न्यायचं असतं, मग ती दोन कच्ची पानं का असेनात. ‘वाचन चालू आहे’ हे उत्तर एकदा चालतं. मार्गदर्शकाचं एखादं म्हणणं तुमच्या सामग्रीशी जुळत नसेल तर ते तसं सांगायचं, उदाहरण पुढे ठेवून. बाईंना राग येईल, सरांना वाईट वाटेल, हा हिशेब तिथे करू नका. उलट मुलगी विचार करते आहे म्हणून ते खूश होतात.

लिहिताना प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. सामग्रीचं वर्णन आणि विश्लेषणाची प्रकरणं आधी लिहा, जुन्या संशोधनाचा आढावा त्यांच्या बरोबरीने वाढू द्या, प्रस्तावना सप्टेंबरमध्ये. प्रबंध दिल्यावर सहसा दोन परीक्षक तो वाचतात, आपल्या पीएच.डी.सारखी तोंडी परीक्षा बहुतेक ठिकाणी नसते. म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून ‘मला असं म्हणायचं होतं’ सांगायची संधी मिळत नाही, जे आहे ते कागदावरच हवं.

आणि पालकांनो, नोकरीचं विचारणार होतात ना? भाषातंत्रज्ञान, शब्दकोश, वाचा-उपचाराचं पुढचं शिक्षण, भाषाशिक्षण, अशा वाटा आहेत. पण त्या सगळ्यांची माहिती माझ्यापेक्षा विद्यापीठाच्या करिअर कक्षात नीट मिळेल. माझ्याकडे प्रश्न लहान करायला या. आता विचारा.