ताम्हिणीच्या वाटेवरचं पंक्चर

ताम्हिणी घाट. पुण्याहून माणगावकडे उतरणारा हा रस्ता पावसाळ्यात दुचाक्यांनी भरून जातो. एखाद्या वळणावर गाडी मागून डुलायला लागते, हँडल जड होतं. गाडी बाजूला घेऊन खाली बघावं, तर मागचा टायर बसलेला.

रस्त्याकडेला ट्रकचा जुना टायर उभा दिसला, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’ लिहिलेलं दिसलं, की तिथपर्यंत गाडी ढकलत न्यायची. बसून रेटली तर ट्यूब आतल्या आत चिरडते, वॉल (हवा भरायची नळी) उपटतो, आणि उतारावर माणूस पडतो.

गाडी मेन स्टँडवर चढली. पंक्चरवाल्या मामांनी वॉलची पिन काढून उरलीसुरली हवा सोडली. दोन लोखंडी पट्ट्या रिमच्या कडेला घातल्या आणि टायरची एकच बाजू बाहेर काढली. चाक खोललं नाही. ट्यूब ओढून तिच्यात हवा भरली. आता पाण्याचं घमेलं चाकाखाली सरकवून ट्यूब वीतवीतभर बुडवायची. हे बघा, बुडबुड्यांची बारीक रेघ. पंक्चर सापडलं, तरी मामा उरलेली ट्यूब बुडवून बघतातच, कारण खिळा पुष्कळदा दोन्ही बाजूंनी आरपार जातो.

जागा कोरडी केली, पॉलिश पेपरने घासली, सोल्युशन लावलं. लगेच पॅच चिकटवायचा नाही. सोल्युशन ओलं असताना लावलेला पॅच उन्हात सुटतो. गिऱ्हाईक घड्याळ बघत असतं; मामा थांबतात. मग पॅच आणि त्यावर हातोडीचे बेताचे ठोके.

खरं काम पुढे आहे. मामांची बोटं टायरच्या आतून हळूहळू फिरतायत. पॅच कुणीही लावेल, पण पंक्चर कशानं झालं ते सापडलं नाही, तर पुढच्या गावात पुन्हा ढकलायची वेळ येते. बोटं थांबली. पकडीने ओढून निघाली ती नखाएवढी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरातली. ही तार बाहेरून दिसली नसती.

हवेच्या टायरचं पेटंट स्कॉटिश इंजिनिअर थॉमसन यांनी 1845 साली घेतलं होतं, पण तो चालला नाही. 1888 मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य डनलॉप यांनी तो पुन्हा आणला, आणि तेव्हापासून जगभर पंक्चरं निघतायत. आता ट्यूबलेस आलं. त्यात खिळा रुतला तरी हवा हळू जाते, म्हणून दुकान येईपर्यंत तो उपटायचा नाही. तिथे भोक साफ करून चिकट पट्टी खुपसली की काम झालं. बाजूची भिंत फाटली असेल, तर मात्र पट्टी घालून घ्यायची नाही, टायरच बदलायचा. आऱ्यांच्या साध्या रिमला अजून ट्यूबच लागते, आणि गावोगावच्या कितीतरी गाड्या आऱ्यांच्याच आहेत. हे हात लागणारच आहेत, आणि त्यांच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये.

टायर बसला. हवा भरून मामांनी वॉलवर थुंकी लावली. बुडबुडा नाही. जाताना एवढंच सांगितलं, “उद्या सकाळी हवा चेक करा. ट्यूब जुनी झालीय, माणगावात नवी टाकून घ्या.”