नळीच्या दुसऱ्या टोकाला

श्रोतेहो, नमस्कार.

२००७ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. साताऱ्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी तेव्हा नववी-दहावीला विज्ञान शिकवत होतो. त्या वर्षी १ एप्रिलला रविवार होता. सोमवारी मधल्या सुट्टीत नववीतली चार-पाच पोरं शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एकाच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेला कागद. म्हणाला, "सर, हे खरं हाय का?"

कागदावर गूगलची जाहिरात होती. घरगुती इंटरनेट, तेही फुकट आणि संडासाच्या नळीतून. सेवेचं नाव टीआयएसपी, म्हणजे 'टॉयलेट इंटरनेट सर्व्हिस प्रोव्हायडर'. घरी एक पेटी येणार, तिच्यात काचतंतूच्या केबलचं रीळ, राउटर आणि सीडी. केबलच्या मोकळ्या टोकाला वजन बांधायचं, ते भांड्यात सोडायचं, रीळ दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी फ्लश ओढायचा. पाण्याच्या लोंढ्याबरोबर केबल गटारात जाणार. तिकडे खाली कंपनीची माणसं ते टोक मोठ्या जाळ्याला जोडून देणार, की तासाभरात इंटरनेट चालू. त्या माणसांच्या हुद्द्याची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'पीएचडी' होत होतं.

थट्टाच होती ती, एप्रिल फूलची. पण पोरांचा गोंधळ मला समजत होता. याच कंपनीने १ एप्रिल २००४ ला जीमेल जाहीर केलं होतं. एक जीबी जागा फुकट म्हटल्यावर तेव्हा पुष्कळांना ती थाप वाटली होती, आणि ती खरी निघाली. म्हणून मी पोरांना हसून वाटेला लावलं नाही. म्हटलं, शेवटच्या तासाला प्रयोगशाळेत या. यातलं खरं किती आणि खोटं किती ते निवडून काढू.

पाण्याची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली. तळापासून चार बोटांवर गरम दाभणाने एक बारीक भोक पाडलं. खिडक्या बंद केल्या, बाटली भरली. भोकातून पाण्याची धार कमानीसारखी वाकून बादलीत पडायला लागली. मग बाटलीच्या पलीकडच्या बाजूने लेझरचा लाल किरण बरोबर त्या भोकावर धरला. प्रकाश सरळ रेषेत जातो हे पोरांनी पाठ केलेलं. पण इथे तो धारेबरोबर वाकला आणि धारेतून खाली उतरला. मी एकाला तळहात धारेखाली धरायला सांगितलं. त्याच्या हातावर लाल ठिपका नाचायला लागला. वर्गात कुणी बोलेना.

श्रोतेहो, हा प्रयोग घरी जरूर करा, फक्त लेझर कुणाच्या डोळ्यांकडे जाऊ देऊ नका. प्रकाश वाकत नसतो. धारेच्या आतल्या अंगाला तो तिरपा आपटतो आणि परत आत फेकला जातो. असा आपटत आपटत तो पुढे जातो. पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. जिनिव्हात कोलाडोन यांनी १८४० च्या सुमारास ही प्रकाशाची धार लोकांना दाखवली, १८५४ मध्ये लंडनला टिंडल यांनी दाखवली. पाण्याच्या जागी काचेचा तंतू घेतला की झालं ऑप्टिकल फायबर. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, ते साल १९५४. काच पुरेशी शुद्ध केली तर संदेश लांबवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं, त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आणि पाण्याचं म्हणाल, तर मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या केबली समुद्राच्या तळावरूनच येतात.

म्हणजे नळीतून इंटरनेट ही कल्पना वेडगळ नव्हती. पॅरिसच्या भुयारी गटारांत मैल्याच्या प्रवाहावर पिण्याच्या पाण्याचे नळ आणि टेलिफोनच्या तारा टांगलेल्या आहेत. टोकियोने १९८० च्या दशकापासून सांडपाण्याच्या नळांतून काचतंतू नेले, आपली पंपगृहं लांबून चालवता यावीत म्हणून. अमेरिकेत अल्बुकर्की शहरात यंत्रमानव गटारात सोडून केबल टाकली गेली. रस्ता खणायचाच नाही, जमिनीखाली आधीच असलेली वाट वापरायची. पाण्यासाठी एकदा, ड्रेनेजसाठी एकदा आणि केबलसाठी पुन्हा एकदा खणलेल्या रस्त्यावरून ज्यांनी स्कूटर चालवली आहे, त्यांना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

हे सगळं मी पोरांना मोठ्या हौसेने सांगितलं. तास संपत आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी कधी न बोलणारा, उठून उभा राहिला. म्हणाला, "पर सर, तिकडं खाली चेंबरमधी वायर जोडाय उतरणार कोण?"

दोन-तीन पोरं हसली. तो हसला नाही. त्याचे वडील चेंबर साफ करायचं काम करत होते, हे मला नंतर कळलं.

मला उत्तर देता आलं नाही. तासभर मी त्या कागदातली केबल तपासली, काच तपासली, प्रकाश तपासला. गटारात थांबलेली माणसं मी वाचली होती, पण मला ती दिसली नव्हती.

मी रसायनशास्त्रही शिकवायचो, म्हणून सांगतो. बंद गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मैला कुजतो, त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. वास आला की माणूस सावध होईल, असं आपल्याला वाटतं. पण हा वायू वाढला की तो नाकाची जाणीवच मारतो. उतरलेल्याला वाटतं, वास गेला, हवा बरी झाली. तो आणखी एक पायरी खाली उतरतो. मग आतला हाक देत नाही म्हणून वरचा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. एकाच टाकीत दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशा घडतात. गोळीसारखं आत जाणारं शौर्य इथे कुणालाही वाचवत नाही. कुणी आत पडला तर उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा.

आपल्याच साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. त्यांनी लहानपणच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की बाकीची मुलं तहान लागली की नळाची तोटी फिरवून पाणी पीत. त्यांना तोटीला हात लावायची बंदी होती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. नळ तिथे होता आणि त्याला पाणीही होतं. तोटीला हात कुणाचा लागायचा आणि गटारात कुणाचा जायचा, हे आपल्या गावांनी जन्मावरून ठरवून ठेवलं होतं. चेंबरच्या तोंडाशी आज कोण उभं असतं ते बघा, ती वाटणी फारशी बदललेली नाही. मला याचा राग येतो, आणि रेडिओवर तो लपवावा असं मला वाटत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईला उतरवायला मनाई केली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही मनाई नगरपालिकेला आहे, ठेकेदाराला आहे, तशीच घरमालकालाही आहे. तुम्ही चार पैसे देऊन कुणाला मागच्या टाकीत उतरवलंत, तर तो गुन्हा तुमचा. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली.

आणि यंत्रं आहेत. २०१८ मध्ये केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी चेंबर साफ करणारा यंत्रमानव बनवला. नाव ठेवलं बँडिकूट, म्हणजे आपली घूस. माणूस वर उभा राहून पडद्यावर बघतो, घूस खाली उतरते. मैला ओढणारी सक्शनची गाडी तर आता तालुक्याच्या गावीही मिळते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं चेंबर तुंबलं. दुपारी दोघं जण आले, दोरी आणि बादली घेऊन. एकाने शर्ट काढून झाकण उचलायला घेतलं. मी जाऊन त्या झाकणावर उभा राहिलो. म्हटलं, दादा, खाली उतरायचं नाही, गाडी मागवू. तो म्हणाला, "काका, गाडी आज यायची न्हाई. उतरलो न्हाई तर आमचा रोज बुडंल." गल्लीतली काही माणसंही कुरकुरली, मैला दारात आला होता. आम्ही त्या दोघांचा रोज वर्गणी काढून दिला आणि चहा पाजून त्यांना घरी पाठवलं. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर गल्लीतल्या अकरा घरांनी एकमेकांना सांगून पाणी जपून वापरलं. कपडे धुतले नाहीत, फ्लश ओढला नाही, बादलीने थोडं थोडं पाणी टाकलं.

नमस्कार.