मुलखाची देखभाल आणि मनाचे आरोग्य

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आजही काही मूळनिवासी कुटुंबे वाडवडिलांच्या भूमीवर राहतात. तिथल्या अनेक ठिकाणी परका माणूस पहिल्यांदा पाणवठ्यावर आला, तर त्याला थेट पाण्यात उतरू देत नाहीत. त्या जागेचा वारसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातले कुणी वडीलधारे पुढे होतात, तिथलेच पाणी ओंजळीत घेऊन पाहुण्याच्या डोक्यावर चोळतात आणि पूर्वजांना मोठ्याने हाक मारून सांगतात, की हा आमच्याबरोबर आला आहे, याला सांभाळा. आजच्या विषयाची सुरुवात मी या ओंजळभर पाण्यापासून करतो आहे, कारण भूमी माणसाला ओळखते हे तिथे अलंकारिक बोलणे नाही. रोजच्या वागण्यात धरून चालण्याची ती गोष्ट आहे.

इंग्रजीत बोलताना ते या भूमीला ‘कंट्री’ म्हणतात. त्याला ‘देश’ म्हटले तर अर्थ फसतो आणि ‘जमीन’ म्हटले तर मोजणी आणि मालकी डोळ्यांपुढे येते. मला त्यातल्या त्यात ‘मुलूख’ हा शब्द जवळचा वाटतो. या मुलखात डोंगर, पाणवठे, प्राणी आणि वारे तर येतातच, शिवाय तिथली भाषा, तिथली गाणी आणि तिथे होऊन गेलेली माणसेही येतात. हा मुलूख आजारी पडू शकतो. याच उत्तर भागातल्या पश्चिम आर्नहेम लँडच्या पठारावर तर माणसे निघून गेलेल्या मुलखाला ‘पोरका’ म्हणत आले आहेत. आईबाप गेले की लेकरू पोरके होते. तिथे सांभाळणारी माणसे गेली की मुलूख पोरका होतो. नात्याची ही दिशा लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही.

झाडीत फिरल्याने मन शांत होते, असे आपण सहज म्हणतो आणि ते खोटे नाही. परंतु या समाजांच्या मानसिक आरोग्याविषयी बोलताना तेवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. तिथे माणसाला उभे करते ते मुलखाचे सौंदर्य कमी आणि मुलखाप्रति असलेले कर्तव्य अधिक, असे माझे मत आहे. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते आहे, आपण गेलो नाही तर एक पाणवठा, एक रान, एक गाणे बेवारस होईल, ही जाणीव माणसाला सकाळी अंथरुणातून उठवते.

आगीचेच उदाहरण घेऊ. पावसाळा सरल्यावर, गवत अजून पुरते वाळलेले नसते त्या दिवसांत, या पठारावर जागोजागी लहान आगी लावतात. ज्वाळा बुटक्या असतात, खालचे गवत तेवढे जळते, झाडांचे शेंडे हिरवेच राहतात, आणि रात्री दव पडले की बहुतेक आगी आपोआप विझतात. अशाने जळलेल्या आणि न जळलेल्या तुकड्यांची गोधडी तयार होते आणि कडक उन्हाळ्यातला मोठा वणवा तिच्यात अडकून पडतो. कुठे, कधी, कोणत्या वाऱ्यात काडी लावायची हे ज्ञान पायी चालत, मोठ्यांच्या मागून जात मिळते. विसाव्या शतकात लोक ख्रिस्ती मिशन, खाणी आणि वसाहतींकडे गेले, पठार ओस पडले आणि वणवे अनावर झाले. 2006 पासून तिथे मूळनिवासी रेंजर आणि शास्त्रज्ञ मिळून हे जुने जाळण्याचे काम पुन्हा करीत आहेत. त्यामुळे वणव्यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटते आणि त्या घटीचा मोबदलाही मिळतो. पण पैशाइतकीच मोलाची गोष्ट ही, की ज्याचा आजा हे काम जाणत होता त्याच्या नातवाच्या हातात पुन्हा ती काडी आली.

आर्नहेम लँडमधल्याच 298 प्रौढांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. मुलखाच्या देखभालीत ज्यांचा सहभाग अधिक, त्यांच्यात मधुमेह कमी, रक्तदाब कमी आणि मानसिक ताणही कमी आढळला. ही एकाच वेळची पाहणी असल्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे तिच्यावरून ठामपणे सांगता येत नाही. धडधाकट माणसेच अधिक फिरत असतील, ही शंका रास्त आहे. तरीही ज्या समाजात आत्महत्येचे प्रमाण इतर ऑस्ट्रेलियन लोकांच्या दुपटीहून अधिक आहे, तिथे हा धागा हातचा सोडणे परवडणारे नाही.

हे दुःख एकेकट्या मनात उगवलेले नाही. अनेक दशके मूळनिवासी मुलांना सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडून नेले गेले. 1997 च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात त्यांच्या साक्षी आहेत. त्या मुलांची आई तुटली, तशी भाषाही तुटली आणि मुलूखही. म्हणूनच पॅट डजन या मूळनिवासी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेल्या आराखड्यात आरोग्याची सात अंगे आहेत: शरीर, मन, कुटुंब, समाज, संस्कृती, मुलूख, आणि आत्मिक जीवन व पूर्वज. ‘झोप लागते का, भूक लागते का’ असे विचारणाऱ्याने ‘मुलखावर शेवटचे कधी गेला होता’ हेही विचारायला हवे, एवढा साधा त्याचा अर्थ मी घेतो.

हे न कळल्यास काय होते, तेही सांगतो. 2014 साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मूळनिवासींच्या दीडशेपर्यंत दुर्गम वस्त्या बंद कराव्या लागतील असे जाहीर केले, आणि पुढच्या मार्चमध्ये खुद्द पंतप्रधानांनी तिथे राहण्याला ‘जीवनशैलीची निवड’ म्हटले, जिचा भार करदात्यांनी का उचलावा असा त्यांचा प्रश्न होता. शहराशहरांतून लोक रस्त्यावर उतरले. मला ते शब्द आजही बोचतात. आजारी आईजवळ राहणाऱ्या लेकाला आपण ‘ही तुझी आवड आहे’ असे म्हणत नाही. त्या वस्त्यांवर विजेचा, पाण्याच्या पंपाचा, डिझेलचा खर्च होतो हे खरेच. मात्र तो हिशेब मांडताना शेजारच्या रकान्यात तिथल्या दवाखान्याचा, तुरुंगाचा आणि अकाली मेलेल्या तरुणांचा हिशेबही मांडावा. वस्ती उठली, की सुट्टीत आजीबरोबर पाणवठ्यावर जाणारे मूलही जायचे थांबते. मग पुढे कधी ते एकटेच तिथे पोहोचले, तर त्याच्या डोक्यावर पाणी चोळून त्याच्यासाठी हाक मारणारे तिथे कुणी उरलेले नसते.